फाटक किती आधी पडावे?

दादरा आणि नगर हवेलीच्या हद्दीत आजवर एकही प्रवासी रेल्वेगाडी धावलेली नाही. सिल्वासा शहराला जवळचे मोठे स्थानक म्हणजे गुजरातेतील वापी, आणि किलवणीसारख्या गावांना भिलाडही सोयीचे. तरीही मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग येथील चालकांच्या कामातून वजा करता येत नाही, कारण राष्ट्रीय महामार्ग ४८ रुळांच्या पूर्वेला, तर उंबरगावची औद्योगिक वसाहत, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या आणि डहाणूचे औष्णिक वीज केंद्र रुळांच्या पश्चिमेला, अशी या पट्ट्याची रचना आहे. किलवणीहून समुद्राच्या दिशेने माल घेऊन निघालेल्या गाडीला कुठे ना कुठे रूळ ओलांडावे लागतात; कुठे उड्डाणपूल मिळतो, कुठे बुटका भुयारी मार्ग, ज्यातून भरलेला ट्रक जात नाही, आणि कुठे फाटक.

हवेलीतील कारखानदारी १९८०च्या दशकापासून करसवलतींच्या आधारे वाढली आणि तिच्याबरोबर वारली, कोकणा, धोडिया घरांतील तरुण आधी क्लीनर म्हणून आणि पुढे चालक म्हणून मालवाहतुकीत आले. या चालकांचे रेल्वेशी नाते पालघर किंवा सफाळे येथे वाढलेल्या माणसासारखे नसते. तिकडच्या मुलाला कोणती गाडी केव्हा जाते, कोणती फाटकापाशी वेग घेते आणि कोणती सिग्नलला उभी राहते, हे न शिकताच कळलेले असते. गावात रूळच नसलेल्या चालकाजवळ असे संचित नसते, आणि म्हणून दिवा, भोंगा, पडणारा दांडा आणि गेटमनचा हात यांवरच त्याला विसंबावे लागते. अनुभवी चालकांशी या विषयावर बोलणाऱ्याच्या लक्षात येते की त्यांची तक्रार इशारा मिळत नाही ही क्वचितच असते. इशारा आणि गाडी यांच्यामधला वेळ दर वेळी निराळा असतो, ही असते. अपघातांच्या कारणांची चर्चा चालकाच्या बेफिकिरीपाशी थांबवण्याची प्रथा आहे, परंतु ही तक्रार त्या चर्चेहून अधिक खोल जाणारी आहे.

फाटकावरचे काम बाहेरून दिसते तितके साधे नसते. गाडी येण्याची वेळ झाली की स्थानकमास्तर गेटमनला फोनवरून गाडी आणि तिची दिशा कळवतो. गेटमन दोन्ही बाजूंची वाहने थोपवतो, मूठ फिरवून आडवे दांडे खाली आणतो, त्यांना कुलूप घालतो, आणि मगच आपल्याजवळच्या छापील तक्त्यातील एक खासगी क्रमांक मास्तरला सांगतो. दोन आकड्यांचा हा क्रमांक म्हणजे फाटक बंद झाल्याची ग्वाही असते. तो दोन्हीकडच्या वह्यांत वेळेसह उतरतो आणि तक्त्यावर खोडला जातो, त्यामुळे 'मी बंद केले होते' आणि 'मला कळवले नव्हते' असा वाद पुढे तोंडी खेळावा लागत नाही. ही पद्धत माणसाच्या सचोटीवर उभी आहे. जेथे वाहतूक अधिक तेथे इंटरलॉकिंग असते, म्हणजे फाटक आणि सिग्नल यांची यांत्रिक किंवा विद्युत सांगड अशी घातलेली असते की दांडे पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला पुढे जाण्याचा सिग्नल देताच येत नाही आणि गाडी निघून गेल्याशिवाय दांडे उचलता येत नाहीत. वाहतूक किती हे मोजण्याचे रेल्वेचे एकक 'ट्रेन व्हेइकल युनिट' या नावाने ओळखले जाते: चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले त्याच काळात ओलांडणाऱ्या वाहनांची संख्या, ज्यात ट्रक किंवा बैलगाडी एक धरली जाते आणि रिक्षा अर्धी. एक लाखाच्या वर गेलेला हा गुणाकार उड्डाणपुलाच्या मागणीला बळ देतो. मात्र या हिशेबात अठरा मीटरचा ट्रेलर आणि हलकी मोटारगाडी एकाच भावाने विकली जातात, आणि रूळ ओलांडायला कोणाला किती वेळ लागतो याला त्यात जागाच नाही.

भारतीय फाटक पुष्कळ आधी पडते, आणि त्याला कारण आहे. ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे ३६ मीटर कापते आणि तिला पूर्ण थांबायला किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंतर लागते. म्हणून फाटकाच्या सिग्नलचा रंग इंजिनचालकाला त्याच्याही एक-दोन किलोमीटर आधी डिस्टंट, म्हणजे पूर्वसूचक, सिग्नलवरून कळावा लागतो, आणि तो तेथे पोचण्यापूर्वी फाटक बंद झालेले नसेल तर त्याला वेग मोडावा लागतो. समजा गाडी तीन किलोमीटरवर असताना दांडे पडले, तर ताशी १३० किलोमीटरची गाडी ८३ सेकंदांत फाटकावर येते, पण ताशी ५० किलोमीटरने येणारी मालगाडी २१६ सेकंद घेते आणि तिचा सातशे मीटरांचा देह फाटकावरून सरकायला आणखी जवळजवळ मिनिट जाते. तेवढ्यात उलट दिशेची गाडी जवळ आलेली असेल तर दांडे उचलायची सोय राहत नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त एवढे दिसते की परवा फाटक पडल्यावर दीड मिनिटात गाडी आली आणि आज पाच मिनिटे झाली तरी रूळ रिकामेच आहेत.

इशाऱ्यावरचा विश्वास येथेच झिजू लागतो. मोटारसायकल तिरकी करून दांड्याखालून काढणारा माणूस मूर्ख असतो असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने बहुतेकदा एक हिशेब केलेला असतो, आणि तो हिशेब आजवर अनेकदा बरोबर आलेला असतो. लांबलेल्या प्रतीक्षेने त्याला शिकवलेले असते की लाल दिवा म्हणजे गाडी आली असे नव्हे, गाडी कधीतरी येईल असे. आणि जो इशारा 'कधीतरी' एवढेच सांगतो त्याला लोक 'कधीतरी'च मान देतात. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १६० प्रमाणे बंद फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि फाटक मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, तरीही दांड्याखालची ये-जा थांबलेली नाही. मध्य रेल्वेवरील दिवा येथील फाटकाने याची दुसरी बाजू मुंबईकरांना वर्षानुवर्षे दाखवली: तेथे वाहनांचा ओघ थांबत नसल्याने फाटक वेळेवर बंद होत नसे, आणि फाटक बंद होत नाही म्हणून लोकलगाड्या सिग्नलला खोळंबत. रस्त्यावरचा माणूस रेल्वेला दोष देतो आणि डब्यातला माणूस रस्त्याला. मध्ये गेटमन उभा असतो, दोघांच्या शिव्या खात.

इशारा उशिरा मिळाला तर काय होते हे समजण्यासाठी रुळालगतच्या एका पाटीकडे पाहावे. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'सी/फा' असे लिहिलेले असते, ज्याचा अर्थ सीटी, फाटक. ही पाटी सामान्यतः फाटकापासून ६०० मीटरवर असते आणि तेथून इंजिनचालकाने शिट्टी वाजवत यायचे असते. ६०० मीटर हे अंतर आहे, वेळ नव्हे. ताशी ५० किलोमीटरच्या गाडीसाठी त्याचे ४३ सेकंद होतात, ताशी १०० च्या गाडीसाठी जेमतेम २२, आणि ताशी १३० च्या गाडीसाठी १७ सेकंदांहून कमी. म्हणजे जी गाडी अधिक धोक्याची, तिचा इशारा अधिक आखूड. अमेरिकेतील स्वयंचलित फाटकांसाठी किमान २० सेकंदांचा इशारा नियमाने बंधनकारक आहे, आणि तेथे अनेक ठिकाणी रुळातील विद्युत मंडलावरून येणाऱ्या गाडीचा वेग ओळखून, ती संथ असो वा जलद, इशारा साधारण सारखाच वेळ आधी सुरू करणारी यंत्रे बसवलेली असतात. त्यांचा खरा लाभ असा की रस्त्यावरच्या माणसाला इशाऱ्याचा एक ठरावीक अर्थ कळतो. आपल्याकडे स्वयंचलित फाटकांपेक्षा माणसाच्या हातातील फाटकांवरच भर राहिला, आणि भारतीय रस्त्यावरची गर्दी पाहता तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. परंतु वेळेची ही एकसारखी भाषा मात्र आपल्या फाटकांना कधीच मिळाली नाही.

वीस सेकंद सर्वांना सारखे नसतात, ही गोष्ट अवजड गाडीचा चालक पुस्तकाविना जाणतो. दुहेरी मार्गावर थांबण्याच्या रेषेपासून पलीकडच्या रुळाच्या सुरक्षित अंतरापर्यंत १५ मीटर धरले, तर मोटारसायकल ताशी २० किलोमीटरने ते तीन सेकंदांत पार करते. १५ मीटर लांबीच्या भरलेल्या ट्रकला मात्र स्वतःच्या शेपटीसह ३० मीटर सरकायचे असतात, आणि पहिल्या गियरमध्ये ताशी पाच किलोमीटरने त्याला २२ सेकंद लागतात, तेही गाडी मध्येच बंद पडली नाही तर. फाटकापाशी रस्ता बहुधा चढून रुळांवर जातो आणि पलीकडे उतरतो. चढावर क्लच सोडताना लोड गाडी गुरगुरते, मागे किंचित घसरते, पुढची चाके पहिल्या रुळावर आदळतात, आणि चालकाची नजर खिडकीतून डावी-उजवीकडे न जाता समोरच्या गतिरोधकावर खिळते, कारण तेथे इंजिन दमले तर ट्रेलरचा मागचा भाग दुसऱ्या रुळावर राहणार असतो. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर २५,००० व्होल्टची तार डोक्यावर असते, म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४.७ मीटर उंचीची लोखंडी चौकट उभी केलेली असते. ताडपत्री फुगलेला किंवा वर रचून भरलेला माल तिला घासू नये म्हणून चालक वर पाहतो आणि खाली पाहायचे राहून जाते. गियर बदलायचा नाही, एकाच गियरवर रूळ पार करायचे, हा जुन्या चालकांचा नेम या सगळ्यातून आलेला आहे आणि तो अगदी शास्त्रशुद्ध आहे.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात हिक्सन येथे ६ जानेवारी १९६८ रोजी हाच हिशेब चुकला. १२० टनांचे विद्युत रोहित्र वाहून नेणारी सुमारे ४५ मीटर लांबीची गाडी स्वयंचलित अर्ध्या दांड्याच्या फाटकावरून ताशी तीन किलोमीटरच्या आसपास सरकत होती. तिला पार होण्यास मिनिटभर हवे होते, आणि फाटकाचे दिवे लागल्यापासून मँचेस्टरहून लंडनकडे निघालेली जलदगाडी येईपर्यंत २४ सेकंद होते. अकरा माणसे मेली. यंत्रणा ठरल्याप्रमाणेच चालली होती. तिच्या कर्त्यांनी इतक्या संथ वाहनाचा विचार पुरता केलेला नव्हता, आणि अशा वाहनाने आधी फोन करून सिग्नलवाल्याची परवानगी घ्यावी ही सूचना चालकांपर्यंत परिणामकारकपणे पोचलेली नव्हती. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील फॉक्स रिव्हर ग्रोव्ह येथे २५ ऑक्टोबर १९९५ रोजी शाळेची बस रूळ ओलांडून पुढच्या चौकातील लाल दिव्यापाशी थांबली, पण तिचा मागचा थोडा भाग रुळांवर राहिला. चौकातला दिवा हिरवा झाला तोवर बसला निघायला फक्त काही सेकंद उरले होते, आणि सात विद्यार्थी दगावले. रेल्वेचा सिग्नल आणि रस्त्याचा सिग्नल, दोन्ही आपापल्या जागी चालू होते. त्यांच्या वेळांची एकमेकांशी पुरेशी जुळवणी नव्हती. आपल्या फाटकांपलीकडे बहुधा सिग्नल नसतो, पण समांतर रस्ता, भाजीच्या हातगाड्या आणि उलट बाजूने घुसलेल्या दुचाकी असतातच, आणि त्यांच्यामुळे रुळांवर अडकलेली गाडी त्या बसहून फारशी निराळ्या स्थितीत नसते. पलीकडे आपल्या गाडीएवढी मोकळी जागा दिसल्याशिवाय पहिला रूळ ओलांडू नये, हा नियम म्हणूनच दांडा उघडा असतानाही लागू पडतो.

येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला खरा दिसत नाही, हेही यात धरावे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी १९८५ मध्ये मांडले की मोठी वस्तू तेवढ्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा संथ भासते. शिवाय समोरून सरळ येणाऱ्या गाडीची प्रतिमा बराच काळ जवळजवळ तेवढीच दिसते आणि अगदी शेवटच्या क्षणांत एकदम फुगते, तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. मुंबईत वडाळा येथे २०१० च्या सुमारास फायनल माइल या वर्तनशास्त्रावर काम करणाऱ्या संस्थेने रूळ ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांसाठी याच भ्रमावर उपाय शोधला: ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते पट्टे किती झपाट्याने गिळते आहे यावरून वेगाचा अंदाज यावा, आणि एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या वाजवण्याची सूचना दिली, कारण सलग आवाजाला सरावलेला मेंदू मधल्या शांततेने जागा होतो. या उपायांना फारसा खर्च नव्हता. आपल्या फाटकांपाशी ते सार्वत्रिक का झाले नाहीत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मानवरहित फाटकांचा अध्याय आता बहुतांशी मिटला आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम १३१ प्रमाणे अशा ठिकाणी चालकाने गाडी थांबवायची, क्लीनरने किंवा वाहकाने चालत रुळांपर्यंत जाऊन दोन्ही बाजू पाहायच्या आणि मग गाडी पुढे घ्यायची, आणि बरोबर कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचे, असे होते. किती जण उतरत हे सांगायला नको. नागपूरजवळ कन्हान येथे ३ फेब्रुवारी २००५ रोजी वऱ्हाडाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीची धडक बसून पन्नासहून अधिक माणसे मेली, आणि उत्तर प्रदेशात कुशीनगर येथे २६ एप्रिल २०१८ रोजी शाळेच्या व्हॅनमधील तेरा मुले गेली. मधल्या काळात रेल्वेने अशा जागी 'गेटमित्र' नेमले होते, जे फाटक बंद करू शकत नसत, फक्त लोकांना थांबा म्हणू शकत. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा आढावा समितीने २०१२ मध्ये मानवरहित आणि मानवी, सगळीच फाटके पाच वर्षांत काढून टाकण्याची शिफारस केली. त्यातील पहिला भाग, ब्रॉडगेज मार्गापुरता, जानेवारी २०१९ अखेर पूर्ण झाला. पण फाटकावर माणूस असणे म्हणजे धोका संपणे नव्हे, हे ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ दिसले, जेथे इंटरलॉकिंग नसलेल्या मानवी फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवले. त्यानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगसाठीची वाहतुकीची मर्यादा २०,००० युनिटांवरून १०,००० वर आणली, फाटकांवर कॅमेरे बसवण्याचे ठरवले आणि फोनवरच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण तपासण्याचे आदेश दिले.

कॅमेरा गेटमनवर नजर ठेवतो. गेटमनच्या कामाची जड बाजू मात्र त्यात दिसत नाही. कमी वाहतुकीच्या फाटकावर बारा तासांची पाळी असते, आणि तिच्यातला बहुतेक काळ काहीही घडत नाही, ज्यामुळे ती हलकी मानली जाते; वास्तविक पाहता, काहीही घडत नसताना जागे राहणे हेच तेथले काम आहे. रुळांवर वाहन अडकले तर त्याने करावयाच्या गोष्टी नियमांत स्पष्ट आहेत: लाल झेंडा किंवा लाल दिवा दाखवायचा, स्थानकाला कळवायचे, आणि गाडी येणाऱ्या दिशेने धावत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळांवर बांधायचे. हे फटाके म्हणजे चाकाखाली आल्यावर मोठा आवाज करणाऱ्या चकत्या, ज्या ऐकून इंजिनचालक थांबतो. मध्यमवयीन माणसाला खडीवरून १२०० मीटर धावायला सहा-सात मिनिटे तरी लागणार. ताशी १३० किलोमीटरची गाडी तेच अंतर ३३ सेकंदांत पुसून टाकते. म्हणून इंटरलॉकिंग असलेल्या फाटकावर खरे संरक्षण धावण्यात नसते, सिग्नल लाल ठेवण्यात असते, आणि अडकलेल्या ट्रकच्या चालकाने गाडी ढकलत बसण्याऐवजी पहिल्या सेकंदाला गेटमनच्या खोलीकडे धाव घ्यावी, हे त्याला कोणी तरी आधी सांगितलेले असावे लागते. परवान्याच्या परीक्षेत त्याला फाटकाची दोन चिन्हे ओळखायला लावतात, त्यांतल्या एकावर अजून वाफेचे इंजिन आहे. अडकल्यावर काय करायचे हे त्या परीक्षेत विचारत नाहीत.

पुढच्या काळाची दिशा ठरलेली आहे. दादरीहून जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा १,५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग फाटकांविना आखलेला आहे, आणि मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेच्या ५०८ किलोमीटरपैकी सुमारे चार किलोमीटर दादरा आणि नगर हवेलीतून जातात, बहुतांशी खांबांवरून. म्हणजे या प्रदेशाला मिळणाऱ्या पहिल्या रेल्वेला फाटक असणारच नाही. जुन्या मार्गावर मात्र गाड्यांचा वेग वाढतो आहे. सप्टेंबर २०२२ अखेरीस मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू झाली, पुढच्याच महिन्यात वलसाडजवळ अतुल येथे तिला गुरे धडकली आणि मार्गाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे उभे राहिले. जी फाटके उरतील त्यांच्यापाशी वाढलेल्या वेगाचा अर्थ आखूड झालेला इशारा किंवा लांबलेली प्रतीक्षा, यांपैकी एक असणार आहे.

शहरातल्या चौकांत असतो तसा उलट मोजणी करणारा आकडा फाटकांवर लावावा, ही मागणी चालक मंडळींकडून ऐकू येते, आणि ती वरवर दिसते तितकी सोपी नाही. मिश्र वेगांच्या गाड्यांमुळे नेमकी वेळ सांगण्यासाठी वेग ओळखणारी यंत्रे लागतील, आणि आकड्यात १५० दिसले तर कोणी तरी ते निघून जाण्याचे आमंत्रण समजेल. याहून कमी खर्चाची एक गोष्ट काही गेटमन आपणहून करतात. पहिली गाडी गेल्यावर दांडे न उचलता ते रांगेकडे हात करून दोन बोटे दाखवतात आणि ओरडून सांगतात, "थांबा, अजून एक आहे, वापीकडून." दुहेरी मार्गावर पहिली गाडी गेली की रूळ मोकळा झाला असे समजून घुसणाऱ्याला दुसरी गाडी गाठते, आणि पहिल्या गाडीच्या आवाजाने व डब्यांच्या भिंतीने ती त्याच्यापासून लपवलेली असते. गेटमनच्या त्या एका वाक्याने रांगेतले ट्रकचालक इंजिन बंद करून खाली उतरतात आणि दांड्याकडे सरकलेल्या दुचाक्या मागे येतात, कारण आता त्यांना आपण नेमके कशासाठी थांबलो आहोत हे माहीत असते. हे सांगणे गेटमनच्या कर्तव्यसूचीत घालावे आणि त्यासाठी प्रत्येक खोलीला एक साधा ध्वनिक्षेपक द्यावा, एवढे करायला कॅमेऱ्याइतकाही खर्च येणार नाही.